बाकी सगळ्या आत्या

सात वर्षांपूर्वीचा चोवीस एप्रिल. रक्कम रुपये अकराशे, रोख. जागा राई गावातल्या एका घराची ओटी. हजर माणसं तीन : बेंजो पार्टीवाला हरेश, नवऱ्या मुलाचे वडील आणि मी. अकराशे रुपयांत मी हळदीचं एक गाणं लिहून द्यायचं आणि त्यात घरातल्या एकतीस माणसांची नावं घालायची, असं ठरलं. यादी वडिलांनी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिली. मी तिथेच मोजली. एकतीस भरली.

दोन दिवसांनी गाणं मांडवात म्हटलं गेलं तेव्हा त्यात नावं तीस होती.

या वर्षीचा एप्रिल आला तो असाच, वाजत. आमच्या शांती नगरात इमारतींच्या मधल्या पोकळीत आवाज अडकून राहतो. एका सेक्टरात लावलेलं गाणं दुसऱ्या सेक्टरात जरा उशिरा आणि बरंच मऊ होऊन पोचतं, खूपदा धुतलेल्या कापडासारखं. दुपारचे चार वाजले होते. मी गॅलरीत उन्हासाठी जुनी चादर बांधत होतो. उत्तनच्या किनाऱ्याकडून वारा आला. या दिवसांत तो रोज येतो आणि त्याला तीन वास असतात. आधी खाडीच्या चिखलाचा, मग सुकत घातलेल्या बोंबलांचा आणि अगदी शेवटी, असेल नसेल असा, मिठाचा. मिठाला वास नसतो, असं सुनंदा म्हणते. सुनंदा माझी बायको, आणि बहुतेक बाबतीत तिचं बरोबर असतं. पण मला तो येतो. त्या दिवशी वाऱ्याबरोबर कुठल्या तरी मांडवातून एक ओळही आली :

"आली गो आली, बाकी सगल्या आत्या आल्या!"

चादरीची गाठ माझ्या हातात तशीच राहिली. ही ओळ माझी आहे. लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्याकडे हळद घरच्या घरी उरकतात. राईच्या आगरी घरांतून हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा समारंभ, आणि त्यात नावांचं गाणं लागतं. एकेका नातेवाइकाचं नाव गाण्यात येतं. नाव आलं की ते माणूस मांडवात पुढे येतं, दोन गिरक्या घेतं आणि गाणाऱ्याच्या हातावर एक नोट ठेवतं. दहाची, वीसची, हौस दांडगी असेल तर शंभराची. नोटेचं मोल फारसं कुणी बघत नाही. आपण या घराचे कोण लागतो, ते सगळ्या गावासमोर सुरात सांगितलं गेलं, त्याची ती पोच.

मी या धंद्यात शिरलो तो भांड्यांमधून. भाईंदर पूर्वेला आमच्या मालकांचा मागे स्टीलच्या भांड्यांचा गाळा आणि पुढे दुकान. आता मी तिथलं स्टोअर बघतो. पहिली सहा वर्षं मात्र मी भांड्यांवर नावं घालत होतो. आहेराची पातेली, तांबे, वाट्या. टर्रर्र करत सुई पत्र्यावर फिरायची आणि बारीक चकाकता भुगा बोटांना चिकटून राहायचा. वाटीच्या काठावर किती अक्षरं बसतील ते मला न मोजता कळायचं. तरी मोजायचो. एकदा 'पुरुषोत्तम' हे नाव जागा नाही म्हणून मी नुसतं 'पु.' करून टाकलं. ते आजोबा दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन परत आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "पु. म्हणजे कुणीही हो." तेव्हापासून नाव कापायचं नाही, हा माझा नियम झाला.

हरेश तेव्हा आमच्याच गाळ्यात पॉलिशच्या मशिनवर होता. जेवणाच्या सुट्टीत मी पातेलं उपडं घालून ठेका धरायचो आणि कामगारांची नावं जोडून काहीबाही म्हणायचो. त्याने ते ऐकलं. पुढे त्याने हळदी-लग्नांत वाजवणारी बेंजो पार्टी काढली आणि गाण्यांसाठी मला धरलं. वीस वर्षांत मी दोनशे सोळा हळदीची गाणी लिहिली. वही आहे. खरं पाहता गाणी नऊच आणि बाकी सगळे साचे. चाल तीच, ओळी त्याच, नावांच्या जागा रिकाम्या. नवं घर आलं की नवी नावं ओतायची.

बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत मात्रा मोजायची माझी पद्धत. त्या गाण्यातल्या आत्यांच्या ओळीत नावाला जागा होती सहा मात्रांची. "आली गो आली, शेवंता आली." शेवंता, सहा. जनाबाय, सहा. हिराबाय, सहा. चौथी आत्या चंद्रभागा. सात.

एक मात्रा जास्त. मी स्टोअरमधल्या स्टुलावर बसून चाळीस मिनिटं प्रयत्न केला. 'चंदा' चाललं असतं, पण नाव कापायचं नाही. शेवटी हरेशला फोन लावला.

"हरेश, एक आत्या बसत नाही."

"मंग उभी ठेव तिला."

"चेष्टा नको. सात मात्रा होतायत."

"दादूस, तू पण ना! शेवटाला टाक ना, बाकी सगल्या आत्या. पब्लिक हात वर करून नाचंल. तुझी मात्रा कोन मोजतोय तितं?"

मी टाकलं. नाव कापायचं नाही, या नियमापायी मी ते अख्खंच सोडलं. नियम पाळला गेला. त्या घरात आत्या चार होत्या. तिघींची नावं येऊन गेल्यावर बाकी सगळ्या म्हणजे एकच उरत होती. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. मला वजाबाकी येते.

ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे अजून पिवळी आहे. सूर्य खाडीच्या बाजूला उतरत होता आणि मिठागरातल्या राशींच्या पांढऱ्यावर जरासा केशरी रंग धरला होता. मांडवात ओल्या हळदीचा, मोगऱ्याचा आणि तळणीचा वास एकमेकांत मिसळला होता. पाटावर नवरा मुलगा, नीलेश, पिवळाधमक होऊन हसत होता. मी बेंजोशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. आपलं गाणं मांडवात म्हटलं जात असताना मी नावांवर खुणा करतो. सवय. आजोबा झाले, काका झाले, मामा झाले. एकेक जण उठत होतं, नाचत होतं, नोट देत होतं.

मांडवाच्या खांबाला टेकून एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या. जांभळं नवं लुगडं, घडीची रेघ अजून मोडलेली नव्हती. उजवी मूठ मिटलेली आणि मुठीतून नोटेचं एक टोक बाहेर. शेवंताआत्या झाली. जनाबाय झाली. हिराबाय नाचत असताना त्या बाईंनी पदर नीट केला आणि अर्धं पाऊल पुढे टाकलं.

"बाकी सगल्या आत्या आल्या!"

मांडव उसळला. आत्या नसलेल्यासुद्धा सगळ्या बायका आत शिरल्या, माम्या, मावश्या, शेजारणी. त्या गर्दीत ते अर्धं पाऊल कुणाला दिसलं नसेल. मला दिसलं. बाईंनी मुठीकडे बघितलं, नोट कमरेला खोचली आणि माझी त्यांच्यावरची नजर मीच काढून घेतली. पुन्हा बघितलं तेव्हा खांबाजवळ कुणी नव्हतं.

"ती? चंद्राआत्या," माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं. "निल्याची आय गेली तवा पोर दीड वर्साचा व्हता. तिनाच वाढवला."

गाणं चाललं. इतकं चाललं, की हरेशने ते पुढच्या सगळ्या हळदींना लावलं. इतर बेंजोवाल्यांनी उचललं. नावं बदलत गेली. ती एक ओळ मात्र जशीच्या तशी राहिली. "त्या ओळीलाच सगळ्यात जास्त नाचतात, दादूस," हरेश मला दर मोसमात सांगायचा. मी मान हलवायचो. आणि मनात हिशेब चालू व्हायचा, की आतापर्यंत किती मांडवांतून किती आत्या त्या 'बाकी'त गेल्या असतील. हा आकडा मला कधीच काढता आला नाही. ज्यांची नावं नाहीत, त्यांची मोजणी कशी करायची?

उत्तनच्या बसने जाताना राईच्या रस्त्यावर चंद्राआत्या मला अधूनमधून दिसायच्या. उन्हाळ्यात त्या एका झाडाखाली ताडगोळे घेऊन बसायच्या. बस थांब्यावर थांबली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचो. दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. एक अर्धवट बांधलेली इमारत आणि तिच्यावर वाळत घातलेले मजुरांचे कपडे. ते मी पाच वर्षं फार बारकाईने बघितले.

कादंबरी लिहायची असं मी ठरवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, असाच एप्रिल होता. आमच्या गाळ्यातल्या एकाच्या मुलीच्या हळदीला गेलो होतो. ती ओळ लागली आणि एक म्हातारी बाई, काठी बाजूला टेकवून, दोन्ही हात वर करून पुढे आली. इतकी खूश, की मला बघवेना. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच दहाला उठलो आणि फ्रीजशेजारच्या घडीच्या टेबलाशी बसलो. आमच्याकडे पाणी साडेसहाला येतं, म्हणजे हातात एक तास वीस मिनिटं. जुन्या चलन बुकांच्या मागच्या बाजूवर लिहायला लागलो. गाण्यात जे मावलं नाही, ते कुठे तरी मावेल असं वाटलं होतं, एवढंच.

चाल नसताना लिहायचं म्हणजे काय, ते त्या पहाटे कळलं. गाण्यात चाल तुमचं बोट धरून चालते. पुढचा शब्द कुठे पडायचा ते तिला ठाऊक असतं. गद्यात एक वाक्य संपलं की पुढे मोकळं माळरान. मी सवयीने पेरांवर मोजत बसायचो. वाक्य संपायचं आणि अंगठा मधल्याच पेरावर राहायचा. कुणाची तरी वाट बघत उभं राहावं, तसा. खाली पहिला दूधवाला यायचा, समोरच्या इमारतीत एकेक खिडकी पिवळी व्हायची आणि मला वाटायचं, प्रत्येक खिडकीत एकेक नाव आहे आणि माझ्याकडे यादी नाही.

पहिलं प्रकरण झालं. सुनंदाने पोळ्या लाटता लाटता वाचायला घेतलं. चौथ्या पानावर लाटणं खाली ठेवलं.

"अहो, ही कादंबरी आहे की मतदारयादी?"

मी मोजलं. एका प्रकरणात त्रेचाळीस माणसं. वाटेत भेटलेल्या रिक्षावाल्याच्या सासूचंसुद्धा नाव होतं.

"कुणाला वगळू?" मी विचारलं.

"वाचणारा काय दर नावाला नोट देणार आहे तुम्हाला?"

मी पंचवीस कमी केली. प्रत्येक नाव खोडण्याआधी ते एकदा मोठ्याने म्हणायचो. सुनंदाला ते हसू येण्यासारखं वाटलं आणि ते तसं होतंही.

पुढची चूक तिने पंधराव्या प्रकरणाला दाखवली. हळदीच्या गाण्यात अशुभ शब्द येऊ द्यायचा नाही, अशी रीत आहे. मरण नाही, भांडण नाही, रिकामी घागर नाही, ओसाड घर नाही. वीस वर्षं मी हे पथ्य सांभाळलेलं. त्यामुळे माझ्या कादंबरीत पंधरा प्रकरणं झाली तरी सगळं कुशल होतं. पिकं येत होती, मासळी मिळत होती, सुना नांदत होत्या.

"कुणी आजारीसुद्धा पडत नाही तुमच्या गावात," सुनंदा म्हणाली. "साधी सर्दी तरी द्या हो एखाद्याला."

मी अकराव्या प्रकरणात एका काकांना सर्दी दिली. पान संपायच्या आत ते बरे झाले.

सुनंदा हसली नाही तेव्हा. तिने कागद नीट लावले, चिमट्यात अडकवले आणि म्हणाली, "त्या बाईंचं कधी लिहिणार?"

"कुठल्या बाईंचं?"

"पाच वर्षं रिकाम्या पेरावर अंगठा ठेवून बसता. मला काय दिसत नाही?"

सोळावं प्रकरण बारा पहाटेंत लिहून झालं आणि ते लिहिल्यावर आधीची पंधरा मी रद्दीत घातली. कारण मग सगळी गोष्ट चंद्रभागाचीच झाली. तिचं लग्न आणि वर्षभरात माहेरी परत येणं. मिठागरावरची मजुरी. हरेशकडून थोडं ऐकलेलं होतं, उरलेलं मी मनाने रचलं. पहाटे टेबलाशी बसलो की आमच्या स्वयंपाकघराची फरशी पांढरी होत जायची. मिठाची कोंडी, खाडीचं पाणी अडवलेला वाफा, दिसायला लागायची, आरशासारखी. तिच्यात आभाळ उताणं पडलेलं. बांधावर छत्री रोवलेली आणि छत्रीच्या सावलीत दीड वर्षांचं पोर निजलेलं. चंद्रभागा डोक्यावर टोपली घेऊन राशीकडे जाते, टोपली उलटी करते, परत येताना छत्री सरकवते, कारण सावली सरकलेली असते. पुन्हा टोपली, पुन्हा छत्री. दिवसभरात किती वेळा, हे मी लिहिलंय, पण तो आकडा माझा आहे, तिचा नाही. टाचांच्या भेगांत मीठ जातं. संध्याकाळी पोराला कडेवर घेतल्यावर ते तिचा गाल चाटतं आणि तोंड वाकडं करतं. हे मला कुणी सांगितलेलं नाही. तरी लिहिताना माझ्याच जिभेवर खारट चव यायची, आणि मग नळ सूं करत वाजायचा, पाणी आलेलं असायचं, आणि मी बादली लावायला उठायचो.

गाणं म्हणजे ओटीवरून नाव घेऊन हाक मारणं. माणूस येतं, नाचतं, जातं. कादंबरीत त्याच्या मागोमाग चालत त्याच्या घरापर्यंत जावं लागतं आणि दाराशी चपला काढाव्या लागतात. हा फरक समजायला मला दोन वर्षं आणि एकशे ब्याण्णव पानं लागली.

फेब्रुवारीत हस्तलिखित पुरं झालं. ठाण्याच्या एका लहानशा प्रकाशकाने वाचलं, आवडलं म्हणाला. मग एक कागद पुढे केला. "बाई हयात आहेत ना? मग त्यांची लेखी परवानगी आणा, नाहीतर नाव बदला. शकुंतला वगैरे काहीही चालेल."

घरी येताना मी मोजलं. शकुंतला, सहा मात्रा. नेमक्या. साच्यात अलगद बसणारं नाव. तेव्हाच मी ठरवलं की नाव बदलून हे पुस्तक छापायचं नाही. एकदा मात्रा जास्त झाली म्हणून गाळलं, आता छापायला अडचण म्हणून गाळायचं, हे माझ्याने होणार नव्हतं. बाई नाही म्हणाल्या तर एकशे ब्याण्णव पानं पोटमाळ्यावर. सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "पण विचारायला तर जाल? की बसच्या दुसऱ्या खिडकीतून बघाल?"

तरी मार्च गेला. चादर बांधताना ती ओळ वाऱ्यावर आली, त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघं भाईंदर पश्चिमेहून बसने राईला उतरलो. ऊन कलत होतं. जिथे मी मजुरांचे कपडे मोजायचो ती इमारत आता पुरी झाली होती आणि तिच्या गॅलऱ्यांत राहणाऱ्यांचे कपडे होते. चंद्रभागाबाई घराच्या ओटीवर बसून ताडगोळे सोलत होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघितलं.

"डझनला शंभर. गोड हायेत."

"मावशी, मी हळदीची गाणी लिहितो," मी म्हणालो. "नीलेशच्या हळदीचं मीच लिहिलं होतं."

"तो तू व्हय?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मना वाटला, मोठा कोन आसंल."

सुनंदाने माझ्याकडे बघायचं टाळलं.

"त्या गाण्यात तुमचं नाव नव्हतं," मी म्हणालो. सात वर्षं हे वाक्य मी तयार करत होतो आणि ते एवढंच निघालं.

"मना म्हाईत हाय. मी तितंच व्हती." अंगठ्याने साल काढत त्या म्हणाल्या, "बसा. आन मावशी नको बोलू. सगलं आत्या बोलतान."

मी सगळं सांगितलं. यादी, मात्रा, कादंबरी, प्रकाशक, कागद. मग ते सोळावं प्रकरण, आधीची पंधरा गेल्यावर खरं तर पहिलं, वाचून दाखवलं. नऊ पानं, बावीस मिनिटं. मधे दोन गिऱ्हाइकं आली. आत्यांनी हातानेच मला थांबवलं, ताडगोळे मोजून दिले, पैसे घेतले आणि हातानेच 'चालू दे' म्हणाल्या. छत्रीचा भाग आला तेव्हा त्यांचा सोलणारा अंगठा थांबला. मग पुन्हा चालू झाला. वाचून झालं. खाडीवरून वारा आला, तिन्ही वास घेऊन.

"यो सगला माजा?"

"हो, आत्या."

"किती पाना?"

"एकशे ब्याण्णव."

"आन नाचायचा कवा?"

सुनंदाला हसू आवरेना. आत्याही हसल्या, पण लगेच बोट उगारून माझ्याकडे वळल्या. "एक खोटा लिवलास तू. मी मांडवातून निंगून गेली, आसा लिवलास. मी कनाला जाऊ? मी गेली आस्ती त निल्याला शेवटची हलद कोनी लावली आस्ती? खांबाकरशी पाटाकरं गेली मी."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना! लय आला. पन राग घेवून बसाया जागा पायजे. सगलीकरं पावना बसलेला."

मी पेन काढून पानाच्या कडेला खूण केली. सोळावं प्रकरण पुन्हा लिहावं लागणार होतं. दोन वर्षं मी त्यांना मांडवाबाहेर काढत होतो आणि त्या आत होत्या.

"आन ती तुजी ओल," त्या म्हणाल्या, "बाकी सगल्या आत्या. ती मना आवडते. लागली का मी उठतेच. पन तितं मी माजाच नाव बोलते. मनात."

"बसतं?" माझ्या तोंडून निघून गेलं. "सात मात्रा आहेत."

"कसल्या मात्रा? औषदाच्या?"

त्यांनी पदराला हात पुसले आणि टाळी धरली. "आली गो आली," टाळी. "शेवंता आली," टाळी. मग पुन्हा "आली गो आली," आणि टाळी पडायची त्या जागी टाळी पडलीच नाही. हात हवेत थांबले आणि तिथूनच नाव सुरू झालं, "चंद्रभागा आली," आणि मग टाळी. नेमकी समेवर.

मी पेरांवर मोजलं. पुन्हा मोजलं. बरोबर येत होतं.

"टाळी सोडलीत तुम्ही एक."

"मंग? नाव मोटा आसला त हात थांबवायचा."

सात वर्षं मी नावातून काय कमी करता येईल ते शोधत होतो. टाळीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तिथे बसल्या बसल्या मला त्या दोनशे सोळा गाण्यांतल्या सगळ्या टाळ्या ऐकू यायला लागल्या. एकाआड एक, पावसाळ्यातल्या पागोळ्यांसारख्या. आणि त्यांच्या मधमध्ये, जिथे जिथे हात थांबवता आला असता, तिथे तिथे कुणी तरी पदर नीट करत उभं होतं.

आत्यांनी कागद मागितला. सही येते, म्हणाल्या, नीलेश शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्याबरोबर शिकले. सहीसाठी प्रकाशकाने एक छोटी चौकट आखलेली होती. त्यांनी पहिलं अक्षरच तिच्याएवढं काढलं. उरलेलं नाव चौकटीबाहेर, कागदाच्या कडेपर्यंत गेलं.

मग त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि पन्नासची एक नोट माझ्यापुढे धरली.

"आत्या, ही तीच नोट?" सुनंदाने हळूच विचारलं.

"येडी का काय! ती दुसऱ्या दिवशी वरातीत हरेशच्या बेंजोवर ठेवली. नाव नव्हता तरी नाचली मी. ही आजची हाय, ताडगोल्यांची."

"मी कशी घेऊ?" मी म्हणालो. "चूक माझी होती."

"नाव आला का न्हाय?"

"आलं."

"मंग घ्यायची."

तेव्हा नोंद पुरी करतो. तेरा एप्रिल, रविवार, दिवस मावळायच्या आधी, राई. रक्कम रुपये पन्नास, एक नोट, ताडगोळ्याच्या पाण्याने कोपऱ्यात ओली. हजर माणसं तीन : चंद्रभागाआत्या, सुनंदा आणि मी. दिली चंद्रभागाआत्यांनी, घेतली मी, एकतिसाव्या नावाची.